सातबाऱ्यावरचा तो रिकामा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत डोंगरातल्या साध्या, समाधानी जगण्यावर पानभर लेख होता. फोटो झकास, कौलारू घर, धुकं, पडवीत पाय पसरून बसलेली आजी. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तोच फिरत होता आणि मुंबई-नवी मुंबईतल्या सगळ्यांनी त्याखाली हात जोडले, बदाम टाकले. मी पण टाकला, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप येईना म्हणून हे लिहायला बसलो. लांबलं तर कापा, फक्त सातबाऱ्याचा भाग तेवढा ठेवा.

मी मूळचा जावळी तालुक्यातला. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, डोंगराच्या पोटाला चिकटलेली आमची वाडी. नाव मुद्दाम लिहीत नाही, जमिनीच्या एजंटांना आधीच पत्ते कमी नाहीत. सातवीपर्यंत शाळा तिथं झाली, मग मुंबई, आता कोपरखैरण्यात. वडील मस्जिद बंदरला माथाडी होते. आमच्या खोऱ्यातल्या कुठल्याही वाडीत जाऊन विचारा, घरातला एकतरी माणूस पाठीवर हुक घेऊन बंदरावर नाहीतर बाजारात राबलेला सापडेल.

तर लेखात "साधं" हा शब्द मी मोजला, नऊ वेळा आलाय. माझी आजी साधी नव्हती हो. कडू करांदे किती पाण्यात उकळले की त्यांचा कडूपणा उतरतो ते तिला ठाऊक, इरल्याला बांबूच्या कामट्या कुठल्या महिन्यात काढल्या की कीड लागत नाही ते ठाऊक, आणि रात्री पावसाचा कौलावरचा आवाज ऐकून उठून बसायची आणि म्हणायची, वरचा ताल आज राहात नाही. आणि सकाळी खरंच फुटलेला असायचा. याला तुम्ही साधं म्हणणार असाल तर मग अवघड कशाला म्हणायचं ते तरी सांगा.

ताल म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, कारण सगळा डोंगर त्याच्यावरच उभा आहे. उतारावर सपाट जागा नसतेच, ती करावी लागते. खालच्या अंगाला दगड रचत जायचं, मोठा धोंडा तळाला, मधे चिपा ठोकायच्या, आतल्या बाजूनं मुरूम भरायचा आणि मग माती. ती माती बुट्टीतून डोक्यावरून आणायची, ओढ्याच्या वळणाला साठलेली असते तिथून. असं दोन-तीन उन्हाळे केलं की एक खाचर होतं, त्यात भात येणार किती तर एका घराला चार-दोन महिने पुरेल एवढं. ते पण तालाला मधे पाणी सोडायची फट बरोबर ठेवली तर. फट चुकली की वरच्या खाचराचं पाणी खालच्याच्या मुळाशी शिरतं आणि एका पावसात दोन्ही ओढ्यात. शेजारच्या महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडं त्याच ढगांचा उरलासुरला येतो असं समजा. तो उरलासुरला पण भरपूर असतो. त्यामुळं दरवर्षी दिवाळीनंतर ताल लावायचं काम असायचंच, आणि ते करायच्या कोण, तर बायका, म्हातारे आणि आम्ही पोरं. बाप्ये मुंबईत.

हे पण लेखात नव्हतं बघा, मनिऑर्डर. डोंगरातलं समाधानी जगणं मनिऑर्डरवर चालायचं. मीठ, रॉकेल, कापड, लग्नं, घरावरची कौलं, सगळं मुंबईच्या पैशावर. प्रत्येक गावाची मुंबईत एक खोली असायची, गावकीची खोली, तिथं दहा बाय बारात वीस-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा. माझे वडील तिथं अकरा वर्षं राहिले. १९६९ चा माथाडी कायदा झाला, बोर्ड झालं, मग पगार नीट यायला लागले, त्या आधीचं ते कधी बोललेच नाहीत. थोरले चुलते लालबागच्या एका गिरणीत होते. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, चार महिने वाट बघून ते ट्रंक घेऊन गावी आले आणि पुढची दोन वर्षं खाचरं करत राहिले. आजी म्हणायची, मुंबई बंद पडली पण खाचर बंद पडत नाय. नंतर ते पण परत गेलेच, मार्केटात. सांगायचा मुद्दा असा की डोंगर आणि मुंबई ही एकाच घराची दोन दारं होती. पुरवणीतल्या फोटोत एकच दार आलं.

आता मुळांचं.

आमच्याकडं अजून हेळवी येतो. सातारा-सांगली-कोल्हापूर भागातल्या लोकांना माहीत असेल, ज्यांना नाही त्यांच्यासाठी, हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारी माणसं. पूर्वी नंदीवर बसून यायचे, आता आमच्याकडं येतो तो मोटारसायकलवर येतो आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत असते. पडवीत बसतो, चहा घेतो, आणि मग सुरू होतो. अमक्याला तिघं, थोरला निर्वंश, मधल्याला दोघं, धाकटा तमक्या गावाला गेला... एका सुरात, मधे श्वास घ्यायला पण थांबत नाही. लहानपणी मला वाटायचं हा मंत्र म्हणतोय. मग धान्य, पैसे, जमेल ते द्यायचं, नवीन जन्मलेल्यांची नावं त्याच्या वहीत लिहून घ्यायची, झालं.

मागच्या मे महिन्यात तो आला तेव्हा मी नेमका गावी होतो. सध्या तर मूळ शोधायची लाटच आहे, २०२३ पासून जुन्या कुणबी नोंदी शोधायचं जे चाललंय त्यानं मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते बरे दिवस आलेत, चुलतभाऊ तीन वेळा तहसिलात जाऊन आला. दाखल्याच्या राजकारणात मला जायचं नाही. पण त्यामुळं पडवीत गर्दी होती आणि सगळ्यांना एकच ऐकायचं होतं, आपला मूळपुरुष कोण. (जावळीत कुणालाही विचारा, मूळपुरुष थेट १६५६ ला महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली तेव्हाचाच निघतो, एकतर या बाजूनं लढलेला नाहीतर त्या बाजूनं. नुसता नाचणी लावत बसलेला पूर्वज कुणालाच नको असतो.)

हेळव्यानं सात पिढ्या सांगितल्या. सात पिढ्यांत एकही बाई नाही. आई चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "आणि थोरली कुठाय?"

हेळवी थांबला. म्हणाला, कोण थोरली?

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, कातळाच्या खाली एक खाचर आहे, त्याचं नाव थोरलीचं खाचर. वडिलांच्या पणज्याला दोन बायका होत्या, त्यातली थोरली. तिला मूल नव्हतं. धाकटी आल्यावर तिला घरात फारसं काम राहिलं नाही की राहू दिलं नाही, माहीत नाही, पण ती वर कातळाखाली एकटीनं ताल रचायला लागली असं घरात सांगतात. तो ताल मी स्वतः बघितलाय, कमरेच्या वर उंच आहे आणि माझ्या आठवणीत एकदाही फुटलेला नाही. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराची दगडी भिंत अख्खी खाली आली, आजी आयुष्यभर सगळ्या गोष्टी भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर अशाच सांगायची, पण थोरलीच्या तालाचा एक धोंडा हलला नाही. तिचं स्वतःचं नाव काय होतं ते घरात कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नाही. माहेर कुठलं तेही नाही. हेळव्याच्या वहीत ती नाही कारण तिला पोरगा नव्हता, आणि जुन्या फेरफारात ती असणारच नाही. ती फक्त त्या खाचराच्या नावात आहे.

हे ऐकून मला जरा चेवच आला आणि मी मोबाईलवर सातबारा काढला. वाडीत एका दगडावर उभं राहिलं तर नेटवर्क येतं, तिथं उभं राहून. तुमच्यापैकी ज्यांच्याकडं शेती आहे त्यांनी पण आत्ता उतारा काढून बघा. गाव नमुना सात, वरच्या बाजूला गट क्रमांक असतो, भूधारणा पद्धती असते, आणि तिथंच जवळ छापलेलं असतं, "शेताचे स्थानिक नाव", पुढं दोन टिंबं. आणि त्या टिंबांपुढं काय आहे? आमच्या घरच्या सगळ्या उताऱ्यांवर काहीच नाही. भावकीतल्या बाकीच्यांचे बघितले, तेही कोरे. मग सासरवाडीकडचे, मित्रांचे, सगळ्यांना ग्रुपवर टाकायला लावले, एकोणतीस उतारे आले, त्यात दोनांवर नाव होतं. ही काही पाहणी वगैरे नाही, घरातल्या घरात केलेली उठाठेव आहे, पण गंमत बघा, ट्रंकेत वडिलांनी जपून ठेवलेला एक हस्तलिखित उतारा सापडला, बहुतेक कर्जाच्या कामाला काढलेला असणार, त्यावर कुणा जुन्या तलाठ्यानं निळ्या शाईत "कोंडीचे" असं स्वच्छ लिहिलंय. आणि त्याच गटाच्या संगणकावरच्या उताऱ्यात ती जागा रिकामी. म्हणजे नाव होतं आणि मधे कुठंतरी टाईप करताना गळालं.

ही जागा कुणीतरी विचार करून ठेवली असणार ना? सरकारला पण कधीतरी वाटलं असणार की शेताला नंबर असतो तसं नाव असतं. आणि आमच्याकडं तर नावाशिवाय कामच होत नाही. सकाळी आई सांगते, आज वाघजाळीत जा, उद्या मधल्या पट्टीत. गट नंबर कुणाच्या तोंडात नसतो. गव्यानं भात तुडवलं की सगळ्या वाडीला एका शब्दात कळतं कुठं ते, "म्हातारीच्या दांडावर" म्हटलं की पोरं डबा वाजवत पळतात.

बरं ही नावं नुसती हाक मारायला नसतात. त्यात माहिती असते. कोंडीचं म्हणजे तिथं पाणी कोंडतं, गरवं म्हणजे उशिरा येणारं भात लावा, हळवं नको. पोळ्याचा कडा म्हणजे तिथं आग्या मोहोळ बसतं, वैशाखात खाली राब जाळायला जायचं नाही. वाघजाळी, अर्थ सांगायला नको, आणि आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून (२०१० ला) ते नाव परत खरं होईल की काय अशी चेष्टा चालते. एका टेपाचं म्हणजे उंचवट्याचं नाव आहे सोयऱ्याचं टेप, ते कुणीतरी मुलीला चोळी-बांगडीत दिलेलं आणि नंतर भावकीनं परत घेतलेलं, त्यावरून दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. एवढा इतिहास सहा अक्षरात.

इथं माझंही एक सांगून टाकतो. वडील गेल्यावर वारस लावताना माझ्या बहिणीनं हक्कसोड करून दिलं. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना समान हक्क मिळून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मला कायदा माहीत होता, तरी मी साडी घेतली, जेवण घातलं आणि सही घेतली. सगळे तसंच करतात म्हणून. थोरलीची गोष्ट दुसऱ्याला सांगताना आता जीभ अडखळते.

मला म्हणायचंय ते फार मोठं नाही. तो रकाना भरा.

कसं, तर ऐका. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पीक लिहायचं, फोटो टाकायचा. आमच्यासारख्या ठिकाणी नेटवर्कचे वांधे आहेत पण लोक करतात, दगडावर चढून करतात. तिथंच एक जागा ठेवा, या शेताला तुम्ही काय म्हणता. झालं. एक रुपया खर्च नाही. शेतात उभा असलेला माणूस स्वतः लिहितोय, त्याला कुठल्या पुराव्याची गरज आहे? आणि एका गटाला एकच नाव असा नियम करू नका. १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट आले, आमच्या एकाच गटात सात खाचरं आलीत आणि सातांना सात नावं आहेत.

मी हे एका कार्यालयात जाऊन बोललो पण. कुठल्या ते राहू दे. समोरचे साहेब भले होते, चहा दिला, म्हणाले अहो नावाचं काय घेऊन बसलात, हद्दीचं बोला, नावावरून भांडणं होतील. आमच्याकडं भांडणाला नाव लागत नाही, बांधाची एक वीत पुरते. पण ते काही त्यांना पटलं नाही.

घाई कशाला असं कुणी विचारेल. घाई अशी आहे की नावं सांगणारे जातायत. आमच्या वाडीत पावसाळ्यात आता नऊ घरं उघडी असतात, बाकी कुलूप, ती गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात. खाचरं पडीक पडली की दोन वर्षांत कारवी आणि घाणेरी चढते, ताल दिसत पण नाही. माझ्या मुलाला घर माहीत आहे, देऊळ माहीत आहे, वासोट्याला बोट कुठून जाते ते माहीत आहे. वाघजाळी कुठं सुरू होते ते माहीत नाही. त्याचा दोष नाही, मी कधी दाखवलंच नाही.

आणि दुसरीकडून नवीन नावं येतायत. आमच्या भागात नवीन महाबळेश्वर प्रकल्प यायचाय, पहिल्यांदा २३५ गावं ऐकली होती. विकासाला माझा विरोध नाही, रस्ता आला तर पेशंटला डोलीतून न्यावं लागणार नाही, माझी चुलती त्या डोलीतच गेली. पण समोरच्या टेकाडावर एकानं जमीन घेऊन प्लॉट पाडले, कमान उभी केली आणि तिच्यावर ग्रीन व्हॅली असं काहीतरी लिहिलंय. आता लाँचवाला पण तिथं "ग्रीन व्हॅली उतरा" म्हणून ओरडतो. त्या टेकाडाला काय म्हणायचे ते मी चार जणांना विचारलं, तिघांना आठवेना. चौथ्यानं सांगितलं, तो नव्वदीचा आहे आणि त्याला आता नीट ऐकू येत नाही, मला मोठ्यानं तीनदा विचारावं लागलं.

पाण्याखालच्यांचं तर बोलायलाच नको. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं म्हणून पेपरात दर पावसाळ्यात बातमी येते, इतके टक्के भरलं, दरवाजे उघडले. त्या पाण्याखाली आमची खालची सगळी भातजमीन आहे, खोऱ्यातली सगळ्यात चांगली. पाणी चढलं तेव्हा काही घरं वर सरकली, आमच्यासारखी, बाकीची कुठं रायगड, कुठं ठाणे, कुठं सोलापूर अशी फेकली गेली. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुने ताल वर येतात, गाळात रेघा मारल्यासारखे, एकाखाली एक. आजी काठावर बसून बोट दाखवून नावं सांगायची, ती आमची, त्याच्या खालची त्यांची, ती वडाची. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, मला लाँचच्या इंजिनात इंटरेस्ट. एकही नाव लक्षात ठेवलं नाही. सोलापूरकडं गेलेल्या घरांतल्या कुणाकडं ती असतील तर कृपया तुमच्या पेपरमार्फत कळवा, त्यांचा आमचा आता संबंध उरला नाही, पण खाचरं शेजारी-शेजारी होती.

तुमच्याकडं एवढंच मागणं आहे की पुरवणीत आठवड्याला एक छोटी चौकट द्या. वाचकांनी आपल्या शेताचं नाव आणि ते का पडलं ते चार ओळीत लिहायचं, फोटो नको, धुकं नको. सरकार रकाना भरेल तेव्हा भरेल. सुरुवात म्हणून आमची अकरा नावं वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहेत.

आपला,
एक जुना वाचक
कोपरखैरणे, मूळ ता. जावळी

ता. क. – पाठवायच्या आधी हे पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली सोयऱ्याच्या टेपाचं लिहू नको, त्यांच्या घरात पेपर येतो. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली अकरा नाहीत, बारा आहेत, पाणवठ्याकडची पट्टी विसरलास. तिला काय म्हणतात विचारलं तर म्हणाली, गावाला ये, उभं राहून सांगते, फोनवर तुला कळायचं नाही. तेव्हा बारावं नाव दिवाळीनंतर पाठवतो.